समलिंगी विवाह व भारतीय परंपरा

समलिंगी विवाह व भारतीय परंपरा : समान लिंगाच्या दोन व्यक्तींनी परस्परसंमतीने पतिपत्नींप्रमाणे सहजीवन स्वीकारणे व त्या सहजीवनाला विवाहाचा कायदेशीर दर्जा मिळणे, यास समलिंगी विवाह म्हणतात. समलिंगी आकर्षण व सहजीवन बहुतेक प्राचीन समाजांना परिचित होते; तथापि अशा संबंधास राज्याच्या कायद्याने विवाह म्हणून मान्यता देण्याची कल्पना आधुनिक आहे. नेदर्लंड्समध्ये १ एप्रिल २००१ रोजी अशी मान्यता जगात प्रथम देण्यात आली. त्यानंतर २०२५ पर्यंत पस्तीसहून अधिक देशांनी ती दिली असून आशियात तैवान (२०१९) व थायलंड (२०२५) यांचा त्यांत समावेश होतो. भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २०२३ मध्ये आला. त्या वेळी मान्यतेचे समर्थक व विरोधक या दोघांनीही देशाच्या धार्मिक व सांस्कृतिक वारशाचा आधार घेतला. त्यामुळे हा वारसा नेमका काय आहे आणि विवाहाचा कायदा ठरविताना त्याचे स्थान कोणते, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासणे आवश्यक ठरते.

विवाहाच्या मान्यतेबरोबर अनेक हक्क येतात. वारसा, पोटगी, निवृत्तिवेतन, विम्याचे लाभ, मूल दत्तक घेणे, जोडीदाराच्या गंभीर आजारात शस्त्रक्रियेस संमती देणे, त्याच्या मृत्यूनंतर अंत्यसंस्कार करणे इत्यादींच्या बाबतीत कायदा प्रथम वैवाहिक जोडीदाराचा व रक्ताच्या नातेवाईकांचा विचार करतो. मान्यता नसलेल्या जोडीदाराचे स्थान, सहजीवन कितीही वर्षांचे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने परक्याचे राहते. हा वाद परंपरेच्या भाषेत चालत असला, तरी त्याचा व्यावहारिक आशय असा आहे.

विवाहसंस्कार व धर्मशास्त्र : हिंदू धर्मशास्त्रात विवाह हा संस्कार मानला आहे. आश्वलायन गृह्यसूत्र, मनुस्मृति इ. ग्रंथांत ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस व पैशाच असे विवाहाचे आठ प्रकार सांगितले असून या सर्वांत वर हा पुरुष व वधू ही स्त्री आहे. कन्यादान, पाणिग्रहण, सप्तपदी हे विधीही याच गृहीतावर रचलेले आहेत. धर्म, प्रजा व रती अशी विवाहाची तीन प्रयोजने सांगितली जातात. पुत्रप्राप्ती व पितृऋणातून मुक्तता यांना गृहस्थाश्रमात विशेष महत्त्व असल्याने समलिंगी विवाहाचा विधी स्मृतिग्रंथांनी सांगितलेला नाही.

समलिंगी संबंधांची दखल मात्र या ग्रंथांनी घेतली आहे. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी केलेला समागम जातिभ्रंशकर पातकांत गणला आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र या कृत्यासाठी सवस्त्र स्नानाचे सौम्य प्रायश्चित्त सांगितले आहे. त्या नियमात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीशी केलेला समागमही त्याच पंक्तीस बसविला आहे. प्रौढ स्त्रीने कुमारिकेस दूषित केल्यास मात्र मुंडन, अंगुलिच्छेद व गाढवावरून धिंड अशी कठोर शिक्षा आहे. हा नियम कन्यादूषणाच्या प्रकरणात येत असल्याने त्यामागे मुख्यतः कौमार्याच्या रक्षणाची चिंता दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात पुरुषांमधील समागमास पूर्व साहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पणांचा दंड, सांगितला आहे. साहसदंडाच्या तीन श्रेणींपैकी ही सर्वांत खालची श्रेणी होय. नारदस्मृतीत विवाहास अपात्र अशा पुरुषांचे चौदा प्रकार दिले असून त्यांपैकी काहींच्या बाबतीत पत्नीस पतीचा त्याग करण्याची मुभा दिली आहे. स्त्रीविषयी इच्छा नसलेल्या पुरुषाशी लावून दिलेला विवाह स्त्रीवर अन्याय करतो, ही जाणीव त्यात दिसते.

वात्स्यायनाच्या कामसूत्राची दृष्टी वेगळी आहे. त्यात तृतीया प्रकृतीच्या व्यक्तींचे वर्णन त्यांच्या वेशभूषेसह व उपजीविकेसह, निंदा न करता आले आहे. परस्परांवर विश्वास असणाऱ्या नागरकांमधील संबंधाचाही तेथे उल्लेख आहे. त्या ठिकाणी वापरलेल्या ‘परिग्रह’ या शब्दावरून काही आधुनिक अभ्यासकांनी तो एक प्रकारचा विवाहसंबंध असावा, असा तर्क केला आहे. परंतु त्या शब्दाचा अर्थ स्वीकार असाही होतो आणि केवळ एका शब्दावर विवाहसंस्थेचे अस्तित्व सिद्ध होत नाही. धर्मशास्त्राचा निषेध व कामशास्त्राची तटस्थता ही दोन्ही एकाच वारशाची अंगे आहेत, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

पुराणकथा, कला व लोकाचार : लिंगभेदाच्या सीमा ओलांडणाऱ्या कथा महाकाव्यांत व पुराणांत विपुल आहेत. स्त्री म्हणून जन्मलेला व पुढे पुरुषत्व पावलेला शिखंडी, विराटाच्या घरी बृहन्नडेच्या रूपात राहिलेला अर्जुन, कधी स्त्री तर कधी पुरुष होणारी इला, विष्णूचे मोहिनीरूप व अर्धनारीश्वर ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. कृत्तिवासाच्या बंगाली रामायणात दिलीप राजा निपुत्रिक मरण पावल्यावर त्याच्या दोन राण्यांच्या मीलनातून भगीरथाचा जन्म झाल्याची कथा आहे. तो अस्थिहीन जन्मला व अष्टावक्र ऋषीच्या कृपेने त्याचे शरीर सुदृढ झाले. दोन स्त्रियांच्या समागमातून अस्थिहीन अपत्य जन्मते, असा उल्लेख सुश्रुतसंहितेतही आढळतो. तमिळनाडूतील कूवागम येथे दरवर्षी तृतीयपंथी भाविक अरवानाशी, म्हणजे महाभारतातील इरावानाशी, विवाहबद्ध होतात व दुसऱ्या दिवशी त्याच्या मृत्यूचा शोक करतात. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमाभागात यल्लम्मेला वाहिलेले जोगते स्त्रीवेष धारण करतात.

खजुराहोसारख्या मंदिरांवरील मैथुनशिल्पे आणि उर्दू गझलेतील व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी प्रियतम यांचाही निर्देश या संदर्भात केला जातो; इस्लामी धर्मशास्त्राने समलिंगी संबंध निषिद्ध मानले असले, तरी त्याच सांस्कृतिक वर्तुळातील काव्याने अशा प्रेमाची भाषा सहज वापरली. तथापि या सर्व सामग्रीचा उपयोग सावधपणे करावा लागतो. शिखंडी, इला इत्यादींच्या कथांत विवाह होतो, तेव्हा बहुधा एका व्यक्तीचे लिंगच पालटते; म्हणजे कथा नियम मोडत नाही, तो पाळण्यासाठी चमत्काराचा आश्रय घेते. देवाशी होणारा विवाहही दोन मानवांमधील विवाहाचा दाखला ठरत नाही. या कथा समाजाला अशा व्यक्तींची ओळख होती व त्यांना कथाविश्वात स्थान होते, एवढे सिद्ध करतात. त्यांना वैवाहिक हक्क होते, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. उलट, अशा व्यक्ती व भावना परक्या संस्कृतीतून आल्या, हे विधानही या पुराव्यापुढे टिकत नाही.

ब्रिटिश अमदानीतील कायदा : आधुनिक भारतातील फौजदारी निषेधाचे मूळ इंग्लंडच्या कायद्यात आहे. तेथे आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३३ मध्ये झालेल्या अधिनियमाने अशा संबंधास देहान्ताची शिक्षा ठरविली. हा गुन्हा पूर्वी चर्चच्या न्यायालयांच्या कक्षेत होता. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने तयार केलेल्या मसुद्यावर आधारलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली व १८६२ पासून अंमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ समागमास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद करून त्यांच्या वेशावर व सार्वजनिक नृत्यगायनावर बंधने घातली. प्रायश्चित्ताच्या वा किरकोळ दंडाच्या जागी कारावास आला, हा या काळातील महत्त्वाचा बदल होय. पुढे हाच निषेध स्वदेशी परंपरेचा भाग समजला जाऊ लागला.

विवाहसुधारणा व शास्त्राधार : वारशाचा आधार घेऊन विवाहाच्या कायद्याचा वाद करण्याची पद्धत भारतात नवी नाही. विधवाविवाहाच्या बाजूने ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार दिला व १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. याच प्रश्नावर १८७० मध्ये पुणे येथे शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला. त्यात विष्णुशास्त्री पंडित हे सुधारकांच्या बाजूचे प्रमुख होते. संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी (१८९१) रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचनांच्या आधारे विधेयकाचे समर्थन केले, तर लोकमान्य टिळकांनी परकी सरकारने धार्मिक आचारात हस्तक्षेप करू नये, या भूमिकेवरून त्यास विरोध केला. महात्मा जोतीराव फुले यांनी तिसरा मार्ग स्वीकारला. शास्त्रात अनुकूल वचन शोधण्याऐवजी त्यांनी सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) द्वारे पुरोहिताविना विवाहाचा स्वतंत्र विधी सुरू केला.

या वादांतून विवाहाच्या कायद्याचे स्वरूप क्रमाक्रमाने बदलले. ब्राह्मो समाजाच्या मागणीतून झालेल्या १८७२ च्या विशेष विवाह अधिनियमाने धर्मविधीविना विवाहाची सोय केली. परंतु त्यासाठी वधूवरांना आपण प्रचलित धर्मांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या अधिनियमाने ती अट काढून टाकली. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने एकपत्नीकत्व बंधनकारक केले व घटस्फोटास मुभा दिली. या दोन गोष्टींनी संस्काररूप विवाहात मोठा पालट घडवून आणला. तमिळनाडूत १९६७ मध्ये पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता देण्यात आली. देवाशी लावले जाणारे विवाह धर्माचारात रूढ असूनही मुंबई प्रांताच्या १९३४ च्या देवदासी संरक्षण अधिनियमाने ते अवैध ठरविले. म्हणजे परंपरेत असलेला विवाह कायद्याने नाकारला आणि परंपरेत नसलेला विवाह कायद्याने मान्य केला, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे उपलब्ध आहेत.

गोव्याचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. तेथे पोर्तुगीज राजवटीतील कौटुंबिक कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. त्याचा एक भाग असलेल्या १९१० च्या आज्ञप्तीने विवाह हा धर्मसंस्कार न मानता भिन्न लिंगांच्या दोन व्यक्तींमधील करार मानला. खुद्द पोर्तुगालने २०१० मध्ये समलिंगी विवाहास मान्यता दिली. गोव्यात मात्र जुनी व्याख्या कायम राहिली. विवाह संस्कार मानला की करार, एवढ्यावरून समलिंगी विवाहाचा प्रश्न सुटत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकाने लैंगिक विषयांची बुद्धिवादी चर्चा सुरू केली. त्यातील प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये झालेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. विजय तेंडुलकरांच्या मित्राची गोष्ट (१९८१) या नाटकाने स्त्रीच्या समलिंगी प्रेमाचा विषय मराठी रंगभूमीवर आणला. मुंबईत बॉम्बे दोस्त हे नियतकालिक १९९० मध्ये व हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ मध्ये सुरू झाली.

कायद्याची मान्यता नसतानाही काही जोडप्यांनी रूढ विधींनी विवाह केले. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील दोन महिला पोलिसांनी परस्परांस माळा घालून गांधर्व पद्धतीने विवाह केला. त्याची वार्ता पसरल्यावर त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. स्वीकारासाठी त्यांनी जुन्या आठ प्रकारांपैकीच एक प्रकार निवडला, ही बाब उल्लेखनीय आहे. परंपरा नाकारण्याऐवजी तिच्यात स्थान मागण्याची ही वृत्ती पुढील काळातील अनेक समलिंगी विवाहसमारंभांतही दिसून येते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला. तथापि २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळखीचा हक्क व २०१७ मध्ये खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य झाल्यानंतर, ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमास समांतर तरतूद नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने २०१९ मध्ये हिंदू विवाह अधिनियमातील ‘वधू’ या शब्दाचा अर्थ अपरिवर्तनीय नाही, असे सांगून पुरुष व पारलिंगी स्त्री यांचा विवाह वैध ठरविला.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय : समलिंगी विवाहास विशेष विवाह अधिनियमाखाली मान्यता मिळावी, या मागणीच्या याचिकांची सुनावणी १८ एप्रिल २०२३ पासून घटनापीठापुढे झाली. या अधिनियमात प्रारंभी ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असे शब्द असले, तरी वयाच्या अटीत पुरुष व स्त्री असा भेद आहे. केंद्र शासनाने आपल्या प्रतिज्ञापत्रात पती, पत्नी व अपत्ये ही भारतीय कुटुंबाची कल्पना असून विवाह हा हिंदूंत संस्कार व मुसलमानांत करार असला, तरी दोहोंत तो पुरुष व स्त्री यांच्यातच कल्पिलेला आहे, असे प्रतिपादन केले. राजस्थान, आसाम व आंध्र प्रदेश या राज्यांनी मागणीस विरोध केला. महाराष्ट्रासह अन्य काही राज्यांनी अधिक विचारविनिमयाची आवश्यकता कळविली. जमियत उलमा-इ-हिंद, अखिल भारतीय संत समिती यांसारख्या संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या. अन्य प्रश्नांवर क्वचितच एकत्र येणारे धर्मगट येथे एका बाजूस आले. याचिकाकर्त्यांनी समता, प्रतिष्ठा व जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य या घटनादत्त तत्त्वांवर भर दिला.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात विवाहाचा मूलभूत हक्क संविधानात नाही व विशेष विवाह अधिनियमात बदल करणे हे संसदेचे काम आहे, याविषयी पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली भिन्नलिंगी विवाह करता येतो, हेही सर्वांनी मान्य केले. मतभेद झाला तो विवाहाव्यतिरिक्त नागरी सहजीवनास मान्यता देण्याच्या शासनाच्या कर्तव्याविषयी व अविवाहित जोडप्यांच्या दत्तकहक्काविषयी. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्या. संजय किशन कौल यांचे अनुकूल मत अल्पमतात राहिले; न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली व न्या. नरसिंह यांचे मत निर्णायक ठरले.

वारशाविषयी या निकालपत्रांतील विवेचन महत्त्वाचे आहे. समलिंगी ओळख ही केवळ शहरी वा उच्चभ्रू वर्गापुरती नाही, आणि सती, बालविवाह, विधवाविवाह व आंतरजातीय विवाह यांचा इतिहास पाहता विवाहसंस्था कधीच स्थिर नव्हती, असे चंद्रचूड यांनी दाखवून दिले. भिन्नलिंगी नसलेले सहजीवन प्राचीन भारतास परिचित असल्याचे कौल यांनी नमूद केले. भट यांच्या मते विवाह ही राज्याच्या आधीपासूनची सामाजिक संस्था असून सहजीवनाचे स्वातंत्र्य मान्य केले, तरी त्यास कायदेशीर दर्जा देण्याची सक्ती न्यायालय राज्यावर करू शकत नाही. इतिहासातील अस्तित्वापासून कायद्यातील हक्कापर्यंत जाण्यास किती पावले टाकावी लागतात, यावरच हा मतभेद होता, असे म्हणता येईल.

या निर्णयाविरुद्धचे पुनर्विलोकन अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आले. केंद्र शासनाने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली २०२४ मध्ये समिती नेमली. त्याच वर्षी शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एका कुटुंबातील मानणे, संयुक्त बँक खाते उघडू देणे, निकटचे नातेवाईक नसताना जोडीदाराचा मृतदेह ताब्यात देणे यांविषयी सूचना देण्यात आल्या. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विवाह हाच कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नाही, असे म्हटले. पतिपत्नींना भेटीवरील प्राप्तिकरात मिळणारी सूट समलिंगी जोडीदारांनाही मिळावी, यासाठी त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली.

अन्य आशियाई देश : २००८ पर्यंत राजसत्ता असलेल्या व दीर्घकाळ हिंदू राष्ट्र म्हणून ओळखल्या गेलेल्या नेपाळमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच समलिंगी विवाहाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. नेपाळच्या नागरी संहितेत विवाहाची व्याख्या पुरुष व स्त्री यांच्यापुरती असली, तरी जून २०२३ मधील अंतरिम आदेशानंतर २९ नोव्हेंबर २०२३ रोजी लमजुंग जिल्ह्यातील दोर्दी या गावपालिकेत अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. तैवानमध्ये घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये अनुकूल निर्णय दिला. २०१८ च्या सार्वमतात नागरी संहितेतील विवाहाची व्याख्या बदलण्यास विरोध झाल्याने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. बौद्धबहुल थायलंडमध्ये संसदेनेच कायदा केला व तो २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

मूल्यमापन : भारतीय वारशात समलिंगी विवाहाची संस्था होती, असे ठामपणे म्हणण्यास पुरावा नाही, तो वारसा अशा संबंधांचा एकमुखी शत्रू होता, असे म्हणण्यासही आधार नाही. पूर्वीच्या विवाहसुधारणांच्या वेळी शास्त्रवचनांनी सुधारणेला सुसह्यता दिली. परंतु विधवेचा वा अल्पवयीन वधूचा हक्क त्या वचनावर अवलंबून होता, असे आज कोणी मानत नाही. कौटिल्याने सौम्य दंड सांगितला की मनूने कठोर, यावरून आजच्या नागरिकाचा वारसाहक्क किंवा रुग्णशय्येजवळ बसण्याचा अधिकार ठरविता येत नाही. धर्मसंस्थांना आपल्या विधींचे स्वरूप ठरविण्याचे स्वातंत्र्य आणि राज्याने नागरिकांस समान संरक्षण देण्याचे कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १८७२ व १९५४ च्या अधिनियमांनी धर्मविधीला धक्का न लावता नागरी विवाहाची वाट निर्माण केली होती. ती वाट समलिंगी जोडप्यांसाठी खुली करावयाची की नाही, हा निर्णय २०२३ च्या निकालाने संसदेकडे सोपविला आहे.